आबा तेवढ्यापुरते गप्प व्हायचे

गावात माझा एक माळकरी मित्र आहे. दर वर्षी वारी करतो, कांद्याच्या भावावर माझ्याइतकाच चिडतो, आणि सवड मिळाली की माझी खेचतो. म्हणतो, "तुमचं ख्रिस्ती लोकांचं बरं आहे गड्या. रविवारी चर्चमध्ये जायचं, पापाची माफी मागायची, सोमवारी पाटी कोरी. आम्हाला सगळं भोगून संपवावं लागतं." तो हे हसत बोलतो, मीही हसतो. पण त्यानं विचारलेलं काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. माणूस पाप करतो माणसाचं आणि माफी मागतो देवाकडं. ज्याचं केलं तो तिकडं तसाच बसलेला. मग ही माफी कशाची?

मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. धर्मशास्त्राचं कॉलेज मी पाहिलेलं नाही. पण साठ वर्षं दर रविवारी ही प्रार्थना तोंडानं म्हणतोय, तेव्हा तिच्याविषयी चार शब्द बोलायला हरकत नसावी.

आमची उपासना तशी साधी. आधी गीत होतं, मग पाळक पापकबुलीची प्रार्थना सांगतात आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणते. विचारानं, शब्दानं, कृतीनं आम्ही चुकलो, करायचं ते केलं नाही, अशा अर्थाची. त्यात कोणी उठून "मी अमक्याचं पाणी तोडलं" असं म्हणत नाही. सगळं मोघम. कॅथलिक लोकांत फादरच्या कानाशी जाऊन नेमकं काय केलं ते सांगायची रीत आहे, आणि मिस्सेत अपराध कबूल करताना ते तीनदा छातीवर हात मारून घेतात. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत मी हे पाहिलंय. आमच्या प्रोटेस्टंटांत मधे कोणी नको म्हणतात, ज्यानं त्यानं थेट देवाशी बोलावं. तत्त्व चांगलं आहे. फक्त थेट बोलताना माणूस स्वतःला फार सांभाळून घेतो, असा माझा अनुभव आहे.

हा पाप शब्द आमच्या घरात कसा आला ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली नगरला आली. त्यांच्यामागून आमच्या जिल्ह्यात जे लोक ख्रिस्ती झाले त्यातले बहुतेक महार-मांग. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर झाले. लोक म्हणतात, भाकरीसाठी बाटले. झाले असतील भाकरीसाठी. उपाशी माणसानं भाकरी घेतली तर त्यात पाप कोणाचं, हे म्हणणाऱ्यांनी सांगावं.

पण भाकरीबरोबर आणखी एक गोष्ट त्यांना मिळाली आणि तिच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. पाप हा शब्द पणजोबांना नवीन नव्हता. त्यांना जन्मापासून सांगितलेलं होतं की तू या जातीत आलास कारण मागच्या जन्मी पाप केलंस. म्हणजे पाप त्यांच्या अंगालाच चिकटलेलं, ते काढता येत नाही. सावलीतसुद्धा पाप. आणि गावातल्या बाकीच्यांचा जन्म मात्र पुण्याचा. असा माणूस मिशनच्या चर्चमध्ये जाऊन खाली जाजमावर बसला आणि त्यानं काय पाहिलं, तर गोरा साहेब गुडघे टेकून म्हणतोय की मी पापी आहे, मला सोडव. त्याची मडमही तेच म्हणतेय. पुढं नारायण वामन टिळकांसारखा ब्राह्मण १८९५ साली ख्रिस्ती झाला, नगर-राहुरीकडं राहिला, तोही तेच म्हणायला लागला. सगळे एका रांगेत.

माझी आजी लिहायला-वाचायला जेमतेम शिकली होती. ती सांगायची की तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, या प्रार्थनेच्या वेळी रडू यायचं. आम्हाला वाटायचं पश्चात्तापानं रडत असतील. आजी म्हणायची, "पश्चात्ताप कशाचा करतील? त्यांनी कोणाचं काय घेतलं होतं? सायबानं पण पापी म्हणून हात जोडले, म्हणून रडायचे." शहरातल्या वाचकांना ही प्रार्थना माणसाला खाली वाकवणारी वाटते. मी पापी, मी पापी, असं कशाला म्हणायचं, असं मला एका पुण्याच्या पाहुण्यानं विचारलं होतं. त्याला मी एवढंच सांगितलं की आमच्या पणजोबांना त्या प्रार्थनेनं सरळ बसवलं. ज्याला एकट्याला पापी ठरवलंय त्याला सगळेच पापी आहेत हे ऐकून केवढा धीर येत असेल, याचा हिशेब वरच्या आळीत राहून लागत नाही.

आता प्रभूच्या प्रार्थनेकडं येतो. येशूनं शिष्यांना शिकवली ती, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. तिच्यात रोजची भाकरी मागून झाली की लगेच पापाचा विषय निघतो. पण आमच्या मराठी शास्त्रात तिथं पाप हा शब्दच नाही. तिथं ऋण आहे. आमचं ऋण सोड, जसं आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलं, अशा अर्थाचं ते मागणं. पाळकांनी एकदा समजावून सांगितलं की येशू जी अरामी भाषा बोलायचा तिच्यात कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. मला ऐकून नवल वाटलं नाही. सोसायटीच्या नोटिशीसमोर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा चेहरा ज्यानं पाहिलाय त्याला नवल वाटणार नाही.

आम्हाला कर्ज समजतं. आणि कर्ज सुटण्याचे प्रकारही समजतात. १९८० नंतर शेतकरी संघटनेच्या सभांमधून आम्ही एक वाद ऐकला. शरद जोशी म्हणायचे कर्जमाफी म्हणू नका, कर्जमुक्ती म्हणा. माफी गुन्हेगाराला असते. शेतमालाचा भाव पाडून तुम्हाला कर्जात ढकललं, मग माफी तुम्ही कशाला मागायची? सभेत टाळ्या पडायच्या. पुढं २००८ ला केंद्राची माफी आली, २०१७ ला राज्याची दीड लाखापर्यंतची आली, २०१९ च्या योजनेच्या तर नावातच कर्जमुक्ती होतं, दोन लाखांपर्यंत. आमच्या गावात तिन्ही वेळा याद्या लागल्या, तिन्ही वेळा पेढे वाटले, आणि दोन-तीन हंगामांत बहुतेकांच्या नावावर कर्ज पुन्हा उभं. कारण जमीन तीच, पाऊस तोच, भाव तोच. खातं कोरं झालं, पण ज्यामुळं खातं भरतं ते हललं नाही.

मला वाटतं प्रार्थनेत म्हणूनच दोन मागणी वेगवेगळी ठेवलीत. आधी ऋण सोड म्हणायचं, ती माफी. मागचं खातं कोरं कर. आणि मग शेवटी वाइटापासून सोडव म्हणायचं, ती मुक्ती. म्हणजे पुन्हा तेच खातं उघडायला लावणारं जे काही माझ्यात आहे त्याच्या तावडीतून काढ. माझा माळकरी मित्र म्हणतो ती सोमवारची कोरी पाटी म्हणजे पहिलं अर्धं मागणं. अर्ध्यावर थांबणारे आमच्यात पुष्कळ आहेत, ते मी कबूल करतो. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या बाया-पोरींसाठी घर काढलं, त्याला नाव दिलं मुक्ती. तिथं १९०५ साली पोरी आपल्या पापांसाठी रडून रडून प्रार्थना करत होत्या, ही गोष्ट आमच्याकडच्या जुन्या बायका सांगायच्या. पण रमाबाई त्यांना नुसत्या रडू देऊन थांबल्या नाहीत. लिहायला शिकवलं, विणायला शिकवलं, छापखान्यात कामाला लावलं. बाईला सोडवायचं तर ती ज्यात अडकली ते बदलावं लागतं, हे त्या जाणून होत्या.

या दोन मागण्यांच्या मधे एक अट आहे. आम्ही सोडलं तसं. या अटीनं आमच्या घरात बारा-तेरा वर्षं मुक्काम ठोकला होता.

माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ, दोघांनी सालगडी म्हणून राबून, पै पै करून दहा एकर घेतली आणि पाच-पाच वाटून घेतली. मधे चारशे फुटांचा बांध. आजोबांच्या मागं आमची पाच आबांकडं आली, शेजारची त्यांच्या चुलतभावाकडं. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. बांध कोरणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. शहरातल्या लोकांसाठी सांगतो. नांगरताना एक तास बांधाला लागून घ्यायचं. दरसाल अर्धी वीत. कोणाच्या डोळ्यावर येत नाही. १९८४ साली आबांनी पैसे भरून सरकारी मोजणी आणली तेव्हा अकरा फूट आत आलेलं निघालं. चार गुंठे. मोजणीवाल्यानं दगड रोवून दिले. पेरणीपर्यंत दगड गायब.

तात्या मंडळीचे पंच होते. आवाज गोड, पाठांतर दांडगं. पाळक परगावी असले की उपासना तेच घ्यायचे. पापकबुलीची प्रार्थना म्हणताना त्यांचा गळा दाटून यायचा. ते नाटक होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी जवळून पाहिलंय, डोळ्यांतून पाणी खरंच यायचं. त्यांना आपण पापी असल्याचं मनापासून दुःख होतं. फक्त त्या दुःखात चार गुंठे नव्हते. पाप मोघम असलं की त्याचं दुःखही मोघम करता येतं.

आबा दुसऱ्या रांगेत बसायचे. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की भारी आवाजात म्हणायचे, आणि ऋण सोडण्याच्या वाक्याला गप्प व्हायचे. मंडळी पुढं जायची. परीक्षेचं वाक्य आलं की आबांचा आवाज पुन्हा लागायचा. पहिल्यांदा मला वाटलं खोकला आला असेल. मग दर रविवारी तेच. एका लहान मंडळीत, पत्र्याच्या चर्चमध्ये, एवढा भारी आवाज मधेच बंद पडला की कळतं सगळ्यांना. तात्यांनाही कळत असणार. पुढं एका पाळकांनी आबांना बाजूला घेऊन विचारलं. म्हणाले, "आबा, ते वाक्य गाळून प्रार्थना पुरी होत नाही." आबा म्हणाले, "खोटं बोलून पुरी होते का? मी सोडलेलं नाही. देवासमोर सोडलं म्हणू?" पाळक तरुण होते, गप्प बसले. त्यांच्या जागी कोणीही गप्प बसला असता.

आई आबांवर चिडायची. म्हणायची, चार गुंठ्यांपायी माणूस नरकात जायचा. आबा म्हणायचे, जाईन, पण सरळ बांधानं जाईन.

आबांच्या बाजूनं शास्त्र होतं, हे मला नंतर वाचताना दिसलं. बांधाची खूण सरकवणाऱ्याला अनुवादाच्या पुस्तकात शाप आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या डोंगराळ मुलखातही लोक बांध कोरत होते तर! लेवीयात सांगितलंय की दुसऱ्याचं लुबाडलेलं असेल तर ते पुरतं परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, आणि मग अर्पण घेऊन ये. आधी परत, मग देव. येशूनंही डोंगरावरच्या उपदेशात तेच सांगितलं. वेदीजवळ दान घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी भावाकडं जा. आणि जक्कयाची गोष्ट तर पोरांनाही पाठ असते. बुटका जकातदार, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्यानं छाती बडवली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं नाडून घेतलं त्याला चौपट, असा थेट आकडा सांगितला. त्या हिशेबानं तात्यांकडं सोळा गुंठे निघाले असते. हे मी गमतीनं लिहितोय, पण आकडा असला की गोष्ट पुढं सरकते, हे खरं आहे.

म्हणून माझ्या मित्राला माझं उत्तर असं. देवाचं जे काही माझ्याकडं निघतं ते देव सोडू शकतो, तो त्याचा अधिकार. पण चार गुंठ्यांचे सावकार आबा होते. ते खातं देवाच्या वहीत वळतं करून घेता येत नाही. तसं करून घेणाऱ्याला माफी मिळते की नाही हे देव जाणे, पण ज्याचं गेलं त्याच्या नावावर दुसऱ्यानं दान केल्यासारखं ते होतं.

इथवर मी पक्का होतो. पण आबांनी मला त्याच्याही पुढं नेऊन सोडलं.

१९९७ ला तात्या गेले. मातीला आबा गेले, पेटीवर मूठभर माती टाकली आणि एक शब्द न बोलता घरी आले. त्याच्या पुढच्या रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत मी नेहमीप्रमाणे आवाज बंद पडायची वाट पाहत होतो, तर आबा सरळ म्हणत गेले. ते वाक्यही. आईनं वळून पाहिलं.

घरी येताना मी विचारलं. आबा म्हणाले, "आता त्याच्याकडं द्यायला काय राह्यलं? ज्याच्याकडं काहीच नाही त्याला सोडायचं नाही तर कोणाला?"

मी म्हणालो, "पण जमीन तर त्यांच्या पोरांकडंच आहे."

"आहे की. मी माणूस सोडला. जमीन कुठं सोडली?"

हे मला लगेच पचलं नाही. क्षमेच्या दोन गोष्टी आपण एकत्र बांधून टाकतो. सोडलं म्हणजे मनातलंही सोडलं आणि शेतातलंही सोडलं. आणि ज्यांच्याकडून सोडून घ्यायचं असतं त्यांना ही गाठ फार सोयीची पडते. बघा, चर्चला जाता ना, मग विसरा आता. आबांनी गाठ सोडवून दोन दोऱ्या वेगळ्या केल्या. तात्यांवरचा राग त्यांनी टाकला, तो त्यांच्या अंगावर होता, टाकणं त्यांच्या हातात होतं. हक्क ठेवला.

मत्तयात एक दाखला आहे. एका चाकराचं राजाकडं दहा हजार तालांतांचं कर्ज होतं, राजानं सोडलं. त्याच चाकरानं बाहेर येऊन सोबत्याची शंभर दीनारांसाठी मानगूट धरली. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार. मी वहीवर मांडून पाहिलं, चाकराचं कर्ज निघतं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. हे कर्ज फिटणारं नव्हतंच, ते सोडण्यावाचून राजाला मार्ग नव्हता. शंभर दिवसांचं मात्र फिटलं असतं. सोबती फक्त मुदत मागत होता. दाखला सांगताना आमचे उपदेशक नेहमी पहिल्या चाकराला झोडतात, झोडावंच. पण त्यात हेही आहे की न फिटणारं ऋण आणि फिटणारं ऋण हे दोन जातींचे प्रश्न आहेत.

न फिटणाऱ्यांत मी माझ्या मित्राचंही धरतो. त्याच्या आजोबांच्या काळी आमच्या माणसाला गावच्या आडावर चढता येत नव्हतं. बाया ऊन असो पाऊस असो, कोणी वरून पाणी ओतेल का म्हणून घागर घेऊन खाली उभ्या असायच्या. ते आता कोण कसं फेडणार? कोणत्या भावानं? मित्र आणि मी एकाच किटलीतला चहा पितो. त्यानं कधी त्या आडाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. त्याच्या आजोबांचं त्याच्या नावावर चढवायला मला आवडणार नाही. तरी कधी वाटतं, त्यानं एकदा म्हणावं, की होतं ते खरं. प्रार्थनेत सगळीकडं "आम्ही" आहे, "मी" कुठंच नाही, याचा अर्थ मला तिथं लागतो. काही पापं अशी असतात की ती एकट्याच्या नावावर निघत नाहीत, गावच्या नावावर निघतात.

आबा २००९ ला गेले. मोजणीचा १९८४ चा नकाशा पत्र्याच्या पेटीत आहे, घड्यांवर फाटलाय. तात्यांचा नातू आता ती शेती बघतो. चांगला पोरगा आहे. मला काका म्हणतो, माझ्या बायकोच्या आजारपणात रात्री गाडी काढून नगरला त्यानंच नेलं. त्यालाच ठिबकच्या कामासाठी हद्द पक्की करून हवी आहे, म्हणून त्यानं स्वतः मोजणीचे पैसे भरले. आता साखळी नसते, रोव्हर नावाचं यंत्र आणतात, उपग्रहावरून इंचाइंचाचा हिशेब लागतो म्हणे. त्याला जुनं काही माहीत आहे की नाही, मला अंदाज येत नाही.

माझा मुलगा म्हणतो, नकाशा काढून ठेवा. बायको म्हणते, पोरानं रात्री गाडी काढली ते आठवा. परवा तो पोरगा नोटीस द्यायला घरी आला, लगतधारक म्हणून माझी सही लागते. मी सही केली. त्याला म्हणालो, "मोजणीच्या दिवशी मी बांधावर येतो. निघेल तिथं दोघं मिळून खुंट रोवू. आणि त्याआधी जरा बस, तुला तुझ्या आजोबांचं एक सांगायचंय." तो म्हणाला, "सांगा ना काका." मी बायकोला चहा ठेवायला सांगितला.